तलाठ्याची यादी आणि हिंदी महासागर

पत्र :

ताई, सप्रेम नमस्कार. मी केज तालुक्यातली, वय २५. भौतिकशास्त्रात एमएस्सी छत्रपती संभाजीनगरला केली. घरी थोडी कोरडवाहू जमीन, सोयाबीन आणि तूर. यंदा दोन गोष्टी एकदमच झाल्या. नेटमध्ये जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) मिळाली आणि पुण्यात सागर-हवामान मॉडेलिंगमध्ये पीएचडीसाठी निवड झाली. त्याच सुमाराला तलाठी भरतीच्या यादीत नाव लागलं. आबा म्हणतात, "आपल्याकडं प्यायला पाणी न्हाई अन् तू समिंदराचं काय करतीस?" आईला तलाठीच हवं आहे. धाकटा भाऊ लातूरला नीटची तयारी करतोय, त्याची फी आहे. मी अजून समुद्र पाहिलेला नाही. कोडिंग जेमतेम येतं, इंग्रजी बोलताना अडखळते. पण आपल्या दुष्काळावर काहीतरी करता येईल, म्हणून हे शिकावंसं वाटतं. सहा वर्षांनी हातात काय राहील? काय करू?
— एक वाचक, जि. बीड

उत्तर :

आबांच्या प्रश्नापासून सुरुवात करते. तो चेष्टेत विचारलेला असला तरी चांगला प्रश्न आहे. देशात समुद्राची आणि मान्सूनची मॉडेलं, म्हणजे संगणकावरच्या गणिती प्रतिकृती, चालवणाऱ्या मोठ्या संस्था बघ. भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, जिला सगळे आयआयटीएम म्हणतात, ती पुण्यात पाषाणला. सागरी माहितीची इन्कॉइस हैदराबादला. मध्यम पल्ल्याच्या अंदाजांचं केंद्र नोएडात. तिन्ही ठिकाणी लाट बघायला मिळत नाही. तेव्हा समुद्र पाहिलेला नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस. या धंद्यात आयुष्य काढलेली आणि बोटीवर पाय न ठेवलेली माणसं मला चांगली माहीत आहेत.

आता खरं उत्तर. हवेचा सगळा थर मिळून जेवढी उष्णता धरून ठेवतो, तेवढी समुद्राच्या वरच्या जेमतेम तीन मीटर पाण्यात मावते. म्हणून समुद्र थोडासा जरी तापला वा निवला, तरी वरच्या हवेला वागणूक बदलावी लागते. आणि आपला मराठवाडा सह्याद्रीच्या पाठीमागे. अरबी समुद्राकडून येणारा वारा घाटावर भार टाकून आपल्याकडे बराचसा रिकामा पोचतो. केज-अंबाजोगाईकडे दमदार पाऊस होतो तो बहुतेकदा बंगालच्या उपसागरात तयार झालेली कमी दाबाची क्षेत्रं पश्चिमेकडे सरकत आपल्यापर्यंत आली की. भाद्रपदातला तर विशेष. त्या उपसागराची गंमत अशी की गंगा-ब्रह्मपुत्रेचं आणि पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. हलकं असल्यामुळे ते खालच्या गार पाण्यात सहज मिसळत नाही, आणि वरचा पातळ थर लवकर तापतो. सुलोचना गाडगीळ, पी. व्ही. जोसेफ आणि एन. व्ही. जोशी यांनी १९८४ साली दाखवून दिलं की समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण २८ अंशांच्या वर गेलं की त्यावर मोठे ढग उभे राहण्याची शक्यता एकदम वाढते. तुझ्याच तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात ते कोरडं पडलं होतं आणि २०२५ च्या सप्टेंबरात मांजरेला पूर होता. या दोन्हींच्या हिशेबातली एक मोठी रक्कम शेकडो कोसांवरच्या खाऱ्या पाण्यात जमा-खर्च होते. आबांना एवढं सांग. पटेल त्यांना, शेतकऱ्याला पाण्याचा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

कोडिंग, इंग्रजी, पगार यांपैकी कशाचीही मला फार काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती तुझ्या 'दुष्काळावर काहीतरी करता येईल म्हणून' या कारणाची. हे कारण घेऊन तू गेलीस तर तिसऱ्या वर्षी मोडशील, असं मला स्पष्ट दिसतं. का, ते जरा सविस्तर सांगते.

२०१५ ला प्रशांत महासागरात जोरदार एल निनो होता, म्हणजे विषुववृत्ताजवळचं त्याचं मधलं आणि पूर्वेकडचं पाणी नेहमीपेक्षा तापलेलं होतं. देशात पाऊस सरासरीच्या ८६ टक्के झाला. आदल्या वर्षीची तूट होतीच, आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं. तू तेव्हा शाळेत असशील, तुला आठवतच असेल. यावरून कुणीही म्हणेल, एल निनो आला की आपला दुष्काळ ठरलेला. पण १९९७ चा एल निनो विसाव्या शतकातल्या सर्वांत जोरदारांपैकी होता, आणि त्या वर्षी देशात पाऊस सरासरीच्या १०२ टक्के झाला! सगळे चक्रावले. दोनच वर्षांनी, १९९९ मध्ये, साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी हिंदी महासागराचीच एक खोड मांडली: काही वर्षी त्याची पश्चिम बाजू तापते आणि सुमात्राकडची पूर्व बाजू निवते, काही वर्षी उलट. याला इंडियन ओशन डायपोल म्हणतात. १९९७ ला पश्चिम बाजू तापलेली होती, आणि एल निनोने ओढून नेलेला पाऊस त्यामुळे बराचसा सावरला गेला, असा उलगडा मग पुढे आला.

म्हणजे एक कोडं सुटलं आणि त्यातून चार नवी निघाली. डायपोल कळला म्हणून केजचं कळलं असं होत नाही. हंगामाचा अंदाज देशासाठी किंवा मोठ्या विभागासाठी शक्यतेच्या भाषेत देता येतो. आबांना हवं असतं ते वेगळंच: पेरलं तर उगवल्यावर खंड पडेल का, आणि पडला तर किती दिवसांचा? त्यासाठी दोन-तीन आठवड्यांच्या पल्ल्याचे अंदाज असतात, ते सुधारतही आहेत, पण एका शिवारापुरतं बोट ठेवून सांगायला आज कुणीही धजावत नाही. तू पीएचडी होऊन गावी आलीस आणि पारावर कुणी विचारलं, "काय डॉक्टरीणबाई, पेरावं का थांबावं?" तर तुझ्याकडे छातीठोक उत्तर नसेल. दरवर्षी नसेल. हे आजच गिळता येत असेल तर पुढे वाच.

गावाचं देणं फेडायला म्हणून या क्षेत्रात येऊ नकोस. समुद्र असा का वागतो हे कळल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून ये. गावाला उपयोग झालाच तर तो आडवाटेने होतो. सुलोचना गाडगीळ यांचंच बघ. पुण्याच्या बाई, हार्वर्डला जाऊन सागरी प्रवाहांच्या गणितात पीएचडी, मग आयआयटीएममध्ये आणि पुढे बंगळुरूला आयुष्यभर मान्सून. पण अनंतपूर भागातल्या भुईमूग पिकवणाऱ्यांबरोबर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलं, तेव्हा 'पाऊस कधी येईल' या प्रश्नाभोवती त्या घुटमळल्या नाहीत. शेतकऱ्याच्या हातात कोणता निर्णय आहे, आणि जुन्या पावसाच्या नोंदी त्या निर्णयाला काय मदत करतात, हे त्यांनी धरलं. पेरणीचा काळ कोणता बरा, हा प्रश्न उद्याचा पाऊस न सांगताही सोडवता येतो. असं काम सोयाबीन आणि तुरीसाठी तू दहा वर्षांनी करशील, परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या कुणाला जोडीला घेऊन. पण त्याआधी समुद्राचं तळापासून शिकावं लागेल, आणि त्या वर्षांत गाव मध्ये येणार नाही.

रोजचं काम कसं असतं, हे तुला मुलाखतीत कुणी सांगितलं नसणार. समुद्राचे चौकोन पाडायचे, खोलीतही थर पाडायचे, आणि प्रत्येक कप्प्यात तापमान, क्षार आणि प्रवाह यांची समीकरणं घड्याळाच्या ठरावीक टप्प्याने पुढे ढकलत न्यायची. चौकोन शंभर किलोमीटरचा असेल तर केज, धारूर, अंबाजोगाई, कळंब सगळे एकाच आकड्यात. मे २०२५ पासून देशाच्या अंदाजासाठी सहा किलोमीटरच्या चौकोनांचं मॉडेल वापरात आलं, तरी पाणी पाण्यात मिसळतं ते सेंटिमीटरच्या पातळीवर. ते कुठल्याच चौकोनात बसत नाही, म्हणून त्याच्या जागी एक अदमासाचं सूत्र ठेवावं लागतं. त्याला पॅरामीटरायझेशन म्हणतात, आणि निम्मी भांडणं त्यावरच होतात. सुरुवातीच्या काळात तर हवामानाच्या मॉडेलात समुद्र म्हणजे नुसती ओली, सपाट दलदल असायची. स्युकुरो मानाबे आणि कर्क ब्रायन यांनी १९६९ मध्ये पहिल्यांदा वाहता समुद्र आणि वाहती हवा एकत्र जोडली. जपानमधल्या एका खेड्यातल्या डॉक्टरचा मुलगा हा मानाबे. त्याला नोबेल मिळालं २०२१ मध्ये, त्या कामाला अर्धं शतक उलटल्यावर. या क्षेत्रात दाद केव्हा मिळते, त्याचा अंदाज यावरून बांध.

एरवी दिवस असा जातो: रन लावायचा, म्हणजे मॉडेल महासंगणकावर चालवायला द्यायचं, रांगेत नंबर यायची वाट बघायची, पहाटे उठून पाहावं तर रन कोसळलेला. का, तर एका फाइलीत अक्षांश उलटे लागलेले. आयआयटीएममधला आजचा 'अर्क' हा महासंगणक ११.७७ पेटाफ्लॉप्सचा, म्हणजे सेकंदाला सुमारे बारा हजार लाख कोटी आकडेमोडी करणारा आहे, पण त्याला तुझी चूक कळत नाही, तो ती फक्त फार वेगाने करतो. रन नीट झाला तर पुढचे महिने तो का चुकला हे शोधण्यात जातात. आपल्याकडे मान्सून मिशन २०१२ मध्ये सुरू झालं तेव्हा अमेरिकेतून सीएफएस हे मॉडेल आणलं. ते समुद्र आहे त्याहून गार दाखवायचं आणि भारताच्या जमिनीवर पाऊस कमी पाडायचं. ही खोड काढण्यात कितीतरी जणांच्या पीएचड्या झाल्या, आणि काम अजून संपलेलं नाही. मला स्वतःला हे चोर पकडणं आवडतं. काहींना त्याचा सहा महिन्यांत वीट येतो आणि ती माणसं बुद्धीने कमी असतात असं मुळीच नाही.

तू या दोघांतली कुठली, हे आत्ताच तपासता येईल. रुजू व्हायची तारीख येईपर्यंत जेवढे दिवस हातात आहेत तेवढ्यात एक काम कर. लॅपटॉपवर लिनक्स टाक, पायथन टाक. समुद्राच्या पृष्ठभागाच्या तापमानाचे उपग्रहावरून घेतलेले आकडे फुकट मिळतात, ते उतरवून घे. पश्चिमेचा चौकोन ५० ते ७० अंश पूर्व, १० दक्षिण ते १० उत्तर. पूर्वेचा ९० ते ११० अंश पूर्व, १० दक्षिण ते विषुववृत्त. दोन्हींत दर महिन्याला सरासरीहून किती फरक पडला ते काढ, एकातून दुसरं वजा कर. झाला तुझा डायपोलचा निर्देशांक. मग हवामान खात्याचे पावसाचे चौकोनवार आकडे घे, ते १९०१ पासूनचे आहेत. त्यातला केजचा चौकोन उचल आणि दोन्ही एका आलेखावर टाक. ठिपके सगळे विखुरलेले दिसतील. १९९७ एकीकडे, २०१५ दुसरीकडे. त्या विस्कटलेल्या ठिपक्यांकडे बघून तुला 'फुकट गेला वेळ' असं वाटलं तर तलाठी हो, आणि चांगली तलाठी हो. पंचनामे इमानदारीने करणारं माणूस गावाला कमी उपयोगाचं नसतं. पण 'थांब, सप्टेंबर वेगळा काढून बघते' असं मनात आलं, तर तुझं उत्तर तुला मिळालं. वाटेत पायथन अडवेल, फाइल उघडणार नाही, रडू येईल. कोडिंग असंच येतं. पुढे फोरट्रानही शिकावं लागेल, कारण मोठी मॉडेलं अजून त्यातच आहेत. तुझ्या पिढीला ती भाषा आजोबांची वाटेल, पण आठवड्या-दोन आठवड्यांत वाचता येते.

इंग्रजीचं म्हणशील तर लिहिता आलं पाहिजे, बोलणं मागून येतं. भौतिकशास्त्राच्या अभ्यासक्रमात द्रवगतिकी बहुधा पातळ शिकवतात. ती आणि आंशिक विकलक समीकरणं पहिल्या सहा महिन्यांत पक्की कर.

गाइडबद्दल मात्र चार शब्द जास्त बोलते, कारण मॉडेलपेक्षा गाइड जास्त पीएचड्या बुडवतो. होकार कळवण्याआधी त्या गटातल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी फोनवर बोल, गाइडच्या गैरहजेरीत. आधीच्यांनी प्रबंध किती वर्षांत दिला, हे विचार. पहिल्या लेखावर पहिलं नाव कुणाचं होतं, हेही विचार. आणि मुख्य म्हणजे, तुला प्रश्न मिळणार आहे की नुसते रन? काही ठिकाणी प्रकल्पाचे रन लावायला हात हवे असतात. पाच वर्षं रन लावून माणूस मॉडेल चालवण्यात तरबेज होतो, पण 'तुझा प्रश्न काय' असं कुणी विचारलं तर गप्प बसतो. पुढे नोकरी देणारा नेमकं तेच विचारतो. मुली किती आल्या आणि किती पूर्ण करून गेल्या, हेही विचार. हे विचारताना संकोच करू नकोस.

आता पैसा. जेआरएफ महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००, वर वसतिगृह नसेल तर घरभाडं भत्ता, सगळी मिळून पाच वर्षं. तलाठ्याचा मूळ पगार २५,५०० पासून, त्यावर भत्ते. म्हणजे पहिली काही वर्षं दोन्ही रकमा एकमेकींपासून फार लांब नाहीत, आणि भावाच्या फीला तू दोन्हीकडून हातभार लावू शकतेस. आईला कागदावर मांडून दाखव. खरा फरक पाच वर्षांनंतर उघडा पडतो. तलाठ्याला पुढची तीस वर्षं दिसतात. पीएचडीनंतर बहुतेकांच्या वाट्याला दोन-दोन वर्षांचे पोस्टडॉक, म्हणजे ठरावीक मुदतीच्या संशोधनाच्या जागा येतात, परदेशात हॅम्बर्ग, रेडिंग, बोल्डर असे कुठेही, नाहीतर इथेच कंत्राटी प्रोजेक्ट सायंटिस्ट. कायम जागा थोड्या आणि मागणारे पुष्कळ. पस्तिशीपर्यंत ठावठिकाणा लागला नाही असे हुशार लोक या क्षेत्रात भरपूर आहेत. बलिया जिल्ह्यातल्या वीज नसलेल्या खेड्यातून निघून, पुण्यामार्गे एमआयटीला पोचलेल्या जगदीश शुक्लांची गोष्ट तुला कुणीतरी सांगेलच. अरबी समुद्राच्या तापमानाचा मान्सूनवर काय परिणाम होतो, हा त्यांचा १९७५ चा मॉडेलवरचा प्रयोग जरूर वाच. पण त्यांच्या गोष्टीवर घरचा हिशेब बेतू नकोस. जे अर्ध्या वाटेत उतरले त्यांची भाषणं कुणी ठेवत नाही.

पडायला दुसरी जागा मात्र आहे. हे काम शिकलेल्या माणसाला मोठ्या आकड्यांशी झुंजता येतं, आणि पवन-सौर विजेचा अंदाज देणाऱ्या किंवा विम्याच्या कंपन्यांना अशी माणसं लागतात. शिवाय राज्याच्या सरळसेवेची वयोमर्यादा खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे. तिशीत पीएचडी हातात घेऊन तू परत परीक्षेला बसू शकतेस. उलटा रस्ता अवघड. नोकरीला लागून 'नंतर पीएचडी करीन' म्हणणारे पुष्कळ भेटले. सातबारा, पीकपाहणी, निवडणुकीची कामं यांतून उठून रात्री द्रवगतिकी वाचणारं कुणी भेटलं नाही.

म्हणून माझं मत: घरावर सावकाराचं किंवा बँकेचं असं कर्ज नसेल जे फक्त कायम नोकरीच्या जोरावर फिटेल, आणि तो आलेख काढताना तुला झोप आली नसेल, तर पुण्याला जा. मुदत मात्र घालून घे. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला स्वतःचा म्हणावा असा प्रश्न आणि त्यावर एक मसुदा हातात नसेल तर गाइडशी स्पष्ट बोलायचं, गरज पडली तर सोडायचं. पीएचडीनंतर पोस्टडॉक जास्तीत जास्त दोन. तेवढ्यात जमलं नाही तर दुसरीकडे वळायचं, रडत रेंगाळायचं नाही. हे आबांनाही आधीच सांगून ठेव. आपली माणसं मुदत समजतात. त्यांना 'बघू' हा शब्द छळतो.

लग्नाचं तू लिहिलं नाहीस, पण घरात बोलणं चालू असणार. जो येईल त्याला हॅम्बर्गचं आधी सांगायचं, नंतर नाही. बाकी त्यात मी पडत नाही.

आणि एक व्यवहाराचं. फेलोशिपचे पैसे बऱ्याचदा सुरुवातीला काही महिने अडकतात, कागद इकडून तिकडे फिरत राहतात. तीन महिन्यांच्या खर्चाची तजवीज करून नीघ, आणि वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्याच दिवशी भर. पाषाण-बाणेरकडची भाडी फेलोशिपचा मोठा घास घेतात. जेआरएफच्या पत्रावरची मुदत आणि तलाठ्याच्या रुजू होण्याची तारीख, दोन्ही आजच कॅलेंडरवर लिही. नाही म्हणायचं असेल त्या ठिकाणी लेखी आणि वेळेत कळव, म्हणजे प्रतीक्षा यादीतल्या कुणाचं तरी काम होईल.